विचारा तर खरं : रॉकेल कुठं संपतं आणि डिझेल कुठं सुरू होतं?

मागच्या अंकात मी ओघात एक वाक्य लिहून गेलो होतो : ‘रॉकेल आणि डिझेल यांच्यामध्ये निसर्गाने कुंपण घातलेलं नाही, ते आम्ही घालतो.’ त्यावर पत्रांचं बाड आलं. काहींना ते वाक्य कळलं नाही, काहींना पटलं नाही आणि एकाने तर ‘म्हणजे तुम्ही भेसळ करत होता का?’ असं सरळ विचारलंय. भेसळ नाही हो. मी ३१ वर्षं एका रिफायनरीत क्रूड युनिटवर काढली, आधी फील्डवर आणि मग पॅनलवर, म्हणजे कंट्रोल रूममध्ये. आमच्याकडे त्याला क्रूडच म्हणत. ‘अपरिष्कृत तेल’ हा शब्द फक्त राजभाषा पंधरवड्यात भिंतीवर दिसायचा. तर या वेळी सगळी उत्तरं क्रूडवरच.

पाठ्यपुस्तकात एका उंच मनोऱ्याचं चित्र आहे. वर गॅस, खाली पेट्रोल, मग रॉकेल, डिझेल आणि तळाला डांबर. आठवीतल्या एका मुलाने विचारलं, ‘सर, आत गाळण्या आहेत का? आणि वेगळं झालेलं तेल आतल्या आत परत मिसळत कसं नाही?’ मला उत्तर देता आलं नाही.
*(एक विज्ञान शिक्षक, कराड)*

गुरुजी, त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. दुसरा प्रश्न विचारायला मला नोकरीत दोन वर्षं लागली होती.

गाळण्या नाहीत. गाळणी लहान-मोठं बघते. इथे बघायचं असतं ते कोण किती तापल्यावर वाफ होऊन उडतं. क्रूड हा एक पदार्थ नव्हेच. हजारो निरनिराळ्या हायड्रोकार्बनचं ते गाठोडं आहे. काहींची साखळी तीन-चार कार्बनची, ते घरच्या सिलिंडरमध्ये जातात. काहींची चाळीस-पन्नास कार्बनची, ते मेणात आणि डांबरात. त्यामुळे पाण्यासारखा एकच उकळबिंदू क्रूडला नाही. तापवत गेलात की हलके आधी उडतात, जड मागे राहतात आणि मधले सगळे ओळीने, खंड न पडता, एकामागून एक.

आधी त्याला धुतात. क्रूडबरोबर खारं पाणी येतं आणि ते मीठ तसंच तापवलं तर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटून कॉलमचा (म्हणजे चित्रातल्या त्या मनोऱ्याचा) माथा कुरतडतं. म्हणून क्रूडमध्ये गोडं पाणी मिसळून, विजेच्या दाबाखाली पाण्याचे थेंब एकत्र करून ते खाली बसवतात. हा डिसॉल्टर. त्यानंतर क्रूड तापवायचं, पण एकदम भट्टीत नाही. कॉलममधून गरम होऊन बाहेर पडणाऱ्या डिझेलची, तळाच्या तेलाची उष्णता घेत घेत ते पुढे सरकतं आणि अर्ध्याहून जास्त तापल्यावर मग फर्नेसमध्ये जातं. तिथून बाहेर पडतं ते साधारण ३६० अंशांना. यापुढे तापवायचं नाही. का, ते दुसऱ्या प्रश्नात येईल.

आता कॉलम. पंधरा मजल्यांची उंची आणि आत बैलगाडी वळवता येईल एवढा घेर. आतमध्ये एकावर एक चाळीसेक ट्रे. ट्रे म्हणजे भोकांची आडवी पत्र्याची ताटं, भोकांवर वर-खाली होणाऱ्या झडपा. प्रत्येक ताटात काही बोटं तेल उभं असतं आणि खालून येणारी वाफ त्यातून बुडबुडत वर जाते.

हे समजायला गोव्यातली फेणी उपयोगी पडते. (वर्गात हा दाखला द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा.) काजूचा आंबवलेला रस भट्टीवर चढवला की पहिल्यांदा जे निघतं ते उर्राक. ते सौम्य असतं. उर्राक पुन्हा भट्टीवर चढवला की फेणी. म्हणजे एकदा उकळून वेगळं झालेलं अर्धवटच वेगळं असतं. पुन्हा उकळावं लागतं. आमच्या कॉलममधला प्रत्येक ट्रे ही अशी एक छोटी भट्टी आहे. खालून आलेली वाफ ट्रेवरच्या जरा थंड तेलात शिरते. तिच्यातले जड रेणू तिथंच थिजून तेलात उतरतात आणि ती उष्णता घेऊन तेलातले हलके वाफ होऊन वरच्या ट्रेवर जातात. वर पुन्हा तेच. तळाशी साडेतीनशे अंश, माथ्याला एकशेवीसच्या आसपास आणि मधल्या प्रत्येक ट्रेचं तापमान वेगळं. जो रेणू ज्या मजल्यावर धड वाफही राहत नाही आणि धड खालीही उतरत नाही, तिथे तो साठतो. तिथल्या ताटाला नळ बसवून त्याला बाहेर काढायचं.

मग परत मिसळत कसं नाही? तर मिसळतं! मुद्दाम मिसळतो. माथ्यातून निघालेली वाफ थंड करून जे हलकं तेल मिळतं, त्यातला मोठा भाग आम्ही पुन्हा वरच्या ट्रेवर ओततो. याला रिफ्लक्स म्हणतात. नवखा असताना मला ही शुद्ध उधळपट्टी वाटायची, तयार झालेला माल परत आत कशाला? पण वरून खाली ओघळणारं तेलच नसेल तर वर चढणाऱ्या वाफेला धुवायला काही उरत नाही आणि मग जड मालही वरपर्यंत चढतो. रिफ्लक्स कमी केला की मागोमाग लॅबचा फोन आलाच.

आता माझं ते मागच्या अंकातलं वाक्य. समजा, विमानाचं इंधन काढायचंय. ते रॉकेलच्याच जातीचं. त्याला दोन अटी आहेत. फ्लॅश पॉइंट ३८ अंशांच्या खाली नको, म्हणजे ठिणगीने सहज भडकू नये, म्हणून हलकी बाजू छाटायची. आणि उणे ४७ अंशांपर्यंत त्यात स्फटिक धरता कामा नयेत, कारण उंचावर टाकीत ते गोठलं तर इंजिनाला घास लागेल. म्हणून जड बाजू छाटायची. एका टोकाला ३८, दुसऱ्या टोकाला उणे ४७, आणि मधे सापडेल तो पट्टा विमानाचा. आता त्या जड टोकाशी जो रेणू उभा आहे, तो पॅनलवरच्या माणसाने नळ जरा जास्त उघडला तर विमानात जातो, नाहीतर खालच्या ट्रेवर उतरून एसटीच्या टाकीत. रेणू तोच. रेशनवर निळं रॉकेल वाटलं जायचं तेव्हा आम्ही हा नळ एका हिशेबाने ठेवायचो. आता ते रॉकेल जवळजवळ संपलं, तर तोच पट्टा विमान आणि डिझेल यांच्यात वाटला जातो. पाठ्यपुस्तकातल्या रंगीत आडव्या रेघा आत कुठेही नसतात.

आणि ट्रे ही काही लोखंडी, चिरेबंदी वस्तू नव्हे, हे मला माझ्याच हाताने कळलं. कॉलमच्या तळाला वाफ सोडतात, उरलेसुरले हलके रेणू उडवायला. ती सोडण्याआधी लाइनमध्ये साचलेलं पाणी काढून टाकायचं असतं. खालची ड्रेन उघडायची आणि पाणी संपून कोरडी वाफ फुसफुसेपर्यंत उभं राहायचं. पावसाळ्यातली नाइट शिफ्ट, वरून धार लागलेली. मी उभा राहिलो नाही. दोन मिनिटांत ड्रेन बंद केली आणि वरचा व्हॉल्व्ह फिरवला. लाइनमधलं पाणी साडेतीनशे अंशांच्या तेलात गेलं. पाण्याची वाफ झाली की ते सोळाशे पटींहून जास्त फुगतं. पोटात कुणीतरी घण घालतंय असे तीन आवाज आले. अर्ध्या तासात डिझेलचा नमुना काढला तर बाटलीत कोरा चहा. तीन शिफ्ट सगळा माल स्लॉप टँकमध्ये, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून दळायला. पुढच्या शटडाऊनमध्ये मॅनहोलमधून आत उतरलो तेव्हा खालचे चार ट्रे भाजलेल्या पापडासारखे वर वळलेले पाहिले. आमच्या शिफ्ट इनचार्जने एवढंच विचारलं, ‘छत्री नव्हती का?’

तुमच्या ताजा कलमाचं उत्तर शेवटी देतो.

तेलातून पेट्रोल, डिझेल आणि गॅस एवढंच काढता येत नाही का? डांबर कमी आणि पेट्रोल जास्त असं करता येईल का?
*(अकरावी विज्ञानची विद्यार्थिनी, अकोला)*

अगं, तेवढंच करण्यात तर रिफायनरीचा तीन चतुर्थांश पैसा गेलेला असतो. वर सांगितलेला कॉलम फक्त वाटणी करतो. जमिनीतून जे आलं तेच तो वेगवेगळ्या भांड्यांत घालतो, नवं काही करत नाही. आणि जमिनीतून येतं ते आपल्या गरजेच्या मापाने येत नाही. आपल्या देशात खपणाऱ्या तेलाच्या मालात पाचातले जवळपास दोन भाग एकटं डिझेल आहे. क्रूडला हे कोण सांगणार?

क्रूडप्रमाणे वाटणीही बदलते. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रात, १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायचं क्रूड हलकं आणि कमी गंधकाचं. पण मेणाने भरलेलं. लॅबच्या एसीत ठेवलेली त्याची बाटली वनस्पती तुपासारखी थिजायची. उलटी केली तरी थेंब पडत नसे. त्याच्यातून कामाचं डांबर मात्र निघत नाही. आखातातलं जड क्रूड याच्या उलट : थंडीतही वाहतं, सल्फरचा वास मारतं आणि तळाशी भरपूर डांबर सोडतं. म्हणून मुंबईच्या खड्ड्यात पडणारं डांबर मुंबईच्या समुद्रातलं नसतं.

आता कॉलमच्या तळाला जे उरतं, ते काळं घट्ट तेल, ते जवळपास निम्मं असू शकतं. ते आणखी तापवलं तर उडेल की! पण ३७० अंशांच्या पुढे रेणू उडायच्या आधी तुटायला लागतात आणि फर्नेसच्या नळ्यांत कोळसा धरतो. मग युक्ती करायची. लेहला डाळ शिजत नाही ना, कारण तिथे हवेचा दाब कमी, पाणी नव्वदच्या आतच उकळतं. आम्ही कॉलमलाच लेहच्याही वर नेऊन ठेवतो : आतली हवा खेचून दाब विसाव्या हिश्शाहूनही खाली आणतो. मग जे तेल एरवी पाचशे अंशांना उकळलं असतं ते साडेतीनशे-चारशेतच उडतं. हा व्हॅक्युम कॉलम. बुटका आणि पोट सुटलेला, कारण कमी दाबात वाफ खूप जागा खाते.

तिथून जे मधलं तेल मिळतं त्याचं पेट्रोल करायचं तर रेणू तोडावे लागतात. त्यासाठी कॅट क्रॅकर. मैद्यासारखी बारीक अशी झिओलाइट नावाच्या खनिजाची पूड, सातशे अंशांच्या आसपास तापलेली, एका उभ्या नळीत तेलाशी गाठ घालते. दोन-तीन सेकंद, बास. तेवढ्यात लांब साखळ्या तुटून पेट्रोल, सिलिंडरचा गॅस, प्रॉपिलीन असं सगळं होतं. पुडीवर कोळशाचं पुट चढतं, ते दुसऱ्या भांड्यात हवा देऊन जाळून टाकतात आणि त्याच उष्णतेवर पूड पुन्हा कामाला. ही पूड नळ्यांतून पाण्यासारखी वाहते. मी पहिल्यांदा काचेच्या मॉडेलमध्ये पाहिलं तेव्हा मला ते दूधच वाटलं होतं. त्यातलं प्रॉपिलीन पुढे प्लॅस्टिकला जातं. तुझ्या घरातली मोल्डेड खुर्ची, सिमेंटचं पोतं.

आणि एक गंमत. कॉलममधून सरळ निघणारा नॅफ्था, ज्याला पुस्तकात बिनधास्त ‘पेट्रोल’ म्हणतात, तो गाडीत घातला तर इंजिन खडखडेल. त्याचा ऑक्टेन, म्हणजे न खडखडता जळण्याची ऐपत, फार खाली असतो. प्लॅटिनमच्या कॅटॅलिस्टवर (उत्प्रेरकावर), पाचशे अंशांच्या सुमारास, त्याच्या सरळ साखळ्यांना वळवून कडी करावी लागते. या वळवावळवीत हायड्रोजन मोकळा होतो. तो फुकट जात नाही, खालच्या उत्तरात लागणार आहे. आता तर पंपावरच्या पेट्रोलमध्ये पाचातला एक भाग इथेनॉल असतो, म्हणजे आपल्याकडचा ऊससुद्धा आला त्यात.

तरीही जे अगदी तळाचं उरतं त्याचं डांबर करायचं किंवा कोकर नावाच्या उंच ड्रममध्ये भाजून तेवढंही पिळून काढायचं. पिळल्यावर ड्रममध्ये दगडासारखा कोक उरतो. तो पाण्याच्या जबरदस्त झोताने कापून काढतात. सिमेंटच्या भट्ट्या तो घेतात. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो, येतं’. पण प्रत्येक तोडीला उष्णता लागते, कुठे कॅटॅलिस्ट तर कुठे हायड्रोजनही लागतो, म्हणून कुठवर तोडायचं हा रसायनशास्त्राइतकाच बाजारभावाचा प्रश्न असतो.

काका, पूर्वी डिझेलमध्ये हात बुडवला की वास दोन दिवस जात नसे. आता वासच नाही. गिऱ्हाईक म्हणतात, कंपन्या काहीतरी काढून घेतात, डिझेलमध्ये दम राहिला नाही. काय काढतात?
*(ट्रॅक्टर मेकॅनिक, निफाड)*

गंधक काढतात, दादा. वास होता तो बराचसा गंधकाच्या संयुगांचा. मी नोकरीला लागलो तेव्हा आपल्याकडच्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालायचं. टनाला दहा किलो! मग टप्प्याटप्प्याने कमी करत १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं, त्यात मर्यादा दहा पीपीएम. टनाला दहा ग्रॅम. किलोचे ग्रॅम झाले.

काढायची रीत अशी : डिझेल आणि हायड्रोजन (वरचाच, नॅफ्थातून मोकळा झालेला, कमी पडला तर वेगळा बनवलेला) मोठ्या दाबाखाली कोबाल्ट-मॉलिब्डेनमच्या गोळ्यांवरून सोडायचे. गंधक डिझेल सोडून हायड्रोजनला धरतं आणि हायड्रोजन सल्फाइड होतो. हा वायू सडक्या अंड्यासारखा घाण मारतो, पण त्या वासावर भरवसा ठेवायचा नाही. जास्त झाला की तो आधी नाकच मारतो आणि मग माणूस. आमच्या छातीवर त्याचा मीटर लावल्याशिवाय त्या भागात पाऊल टाकायला बंदी होती. पुढे त्याचंच गंधक करतात, पिवळंजर्द. गरम असताना ते पातळ मधासारखं ओततं.

दम मात्र गंधकात नव्हता. ताकद हायड्रोकार्बनची, ती आहे तिथेच आहे. गिऱ्हाइकांच्या म्हणण्यात एका गोष्टीपुरतं तथ्य आहे : गंधकाबरोबर डिझेलला ओशटपणा देणारी काही संयुगंही निघून जातात आणि ओशटपणा गेला की फ्युएल पंप झिजतो. पण त्यासाठी रिफायनरीतच वंगणपणाचं औषध मिसळून मग माल बाहेर पाठवतात. तेव्हा कुणी डिझेलमध्ये ‘ताकदीसाठी’ दोन झाकणं इंजिन ऑइल ओतत असेल तर त्याला थांबवा, नव्या गाडीचा फिल्टर जाम होईल.

तुमच्या गावावरून आणखी एक सांगतो. रिफायनरीतलं गंधक खतांच्या कारखान्यांना जातं, साखर कारखान्यांत उसाचा रस निवळायला गंधक लागतं, आणि द्राक्षावर भुरी पडली की तुमच्याकडे फवारतात तेही गंधकच. तुमच्या ट्रॅक्टरमधून काढलेलं गंधक त्याच ट्रॅक्टरमागच्या फवारणीयंत्रात भरलं जात असेल तर मला नवल वाटणार नाही.

पूर्वी डांबर ‘८०/१००’ मागवायचो, आता ‘व्हीजी-३०’ म्हणतात. वस्तू बदलली की नुसतं नाव? आणि आमच्या वेळच्या डांबराला तो डोळ्यांत जाणारा वास असायचा, तो कुठं गेला?
*(बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले मिस्त्री, संगमेश्वर)*

मिस्त्री, आधी वासाचं. मराठीत आपण दोन वेगळ्या वस्तूंना डांबर म्हणतो. एक दगडी कोळशापासून निघतं, कोक भट्ट्यांतून. डोळ्यांत जाणारा वास त्याचा. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या त्याच घराण्यातल्या, कारण त्यातलं नॅप्थलीन कोळशाच्या डांबरातून निघतं. दुसरं म्हणजे तेलाच्या तळाचं बिटुमेन, ज्याला तसा वास नाही. रस्त्यावर आता हेच येतं. नाव मात्र जुन्याचंच चिकटलं. डांबराचं नाव, चिकटणारच.

आता ग्रेड. ८०/१०० म्हणजे सुई किती बुडते त्याचं माप. २५ अंशांना डांबराच्या वाटीवर १०० ग्रॅम भाराची सुई ठेवायची, पाच सेकंद सोडायची आणि किती आत गेली ते मिलिमीटरच्या दहाव्या भागांत मोजायचं. ८० ते १०० भाग गेली तर ८०/१००. मी स्वतः ती सुई पुसून पुसून वापरलीय. तिच्यावर कालचा कण राहिला तरी आकडा खोटा येतो. पण चाचणी २५ अंशांची, आणि वैशाखात रस्ता तापतो साठला. २५ ला सारखी दिसणारी दोन डांबरं साठला अगदी निराळी वागायची. एक ट्रकखाली घट्ट राहायचं, दुसऱ्याला चाकाच्या चाकोऱ्या पडायच्या. म्हणून २००६ च्या मानकापासून साठ अंशांना चिकटपणा मोजून नावं दिली, ती व्हीजी. जुनं ८०/१०० साधारण व्हीजी-१०, आणि ६०/७० म्हणजे व्हीजी-३०. तेव्हा तुमच्याकडे नाव बदललं आणि वस्तूही जरा कडक झाली.

आणि हे तुम्हाला मी सांगायला नको, पण नव्या पोरांना सांगा : डांबर लवकर पातळ व्हावं म्हणून खाली जाळ वाढवू नका. फाजील तापलं की त्यातला तेलकटपणा उडतो आणि उरतं ते ठिसूळ. रिफायनरीने कितीही नेमक्या मापाचं दिलं तरी पिंपाखालच्या लाकडांपुढे त्याचं काही चालत नाही.

चेंबूरकडे रात्री रिफायनरीची ज्योत दिसते. एवढा गॅस फुकट का जाळतात? आम्ही सिलिंडरला पैसे मोजतो.
*(एक गृहिणी, मानखुर्द)*

ताई, ती ज्योत म्हणजे कुकरची शिट्टी समजा. आत कुठे दाब वाढला की गॅस फ्लेअरच्या लाइनला सोडतात. तसाच हवेत सोडला तर जमिनीलगत पसरून भडका उडेल, म्हणून उंचावर नेऊन जाळायचा. बारीक पायलट ज्योत कायम तेवत ठेवावी लागते, नाहीतर ऐन वेळी काडी कोण ओढणार? लाइनमध्ये येणारा बराच गॅस हल्ली परत खेचून भट्ट्यांत वापरतात. ज्योत मोठी झाली आणि धूर काळा दिसला तर समजायचं, आत कुणाची तरी झोप उडालीय. तुमच्या सिलिंडरच्या १४.२ किलोंतला बराचसा गॅस, खरं सांगायचं तर, इथे निघतच नाही. देशाला लागणाऱ्या एलपीजीतला निम्म्याहून जास्त बाहेरून जहाजाने येतो.

‘रॉकेल’ रॉक ऑइलवरून आलं हे वाचलं. मग घासलेट? आणि तेल अजून पिंपातून येतं का, भाव पिंपाचाच का सांगतात?
*(एक वाचक, सोलापूर)*

घासलेट हे ‘गॅसलाइट’चं आपल्या तोंडात झालेलं रूप. आमच्या चाळीत घासलेटच म्हणत. रेशनच्या रांगेत पाच लिटरचा डबा धरून उभं राहणं हे माझं तेल क्षेत्रातलं पहिलं काम. पिंपाचं म्हणाल तर १५९ लिटरचं माप अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात १८६० च्या दशकात रुळलं, कारण तेव्हा तेल खरंच लाकडी पिंपांतून हलवत. आता जहाज आणि पाइपलाइन. पिंप फक्त बातम्यांत उरलंय. आणि त्या काळी त्यांना हवं होतं दिव्याचं रॉकेल. पेट्रोलला गिऱ्हाईकच नव्हतं, ते नदीनाल्यांत ओतून देत. बघा, कुंपण कसं सरकतं ते.

देशातली पहिली रिफायनरी ट्रॉम्बेची ना? मित्राशी पैज आहे.
*(एक वाचक, पुणे)*

पैज हरलात. आसामातली दिग्बोई, १९०१. मुंबईतल्या दोन १९५४ आणि १९५५ च्या.

ता. क. : वर्गात दाखवायला थोडं क्रूड कुठे मिळेल?
*(कराडचेच शिक्षक)*

गुरुजी, मिळणार नाही आणि मिळालं तरी वर्गात आणू नका; हलके भाग उडत असतात, बाटली उघडताच पेट घेण्याजोगी. त्याऐवजी टेबलावर ओळीने मांडा : सिगारेटचा पारदर्शक लायटर (आतलं डुचमळतं ते ब्युटेन, दाबाखाली पातळ झालेलं), मिळालं तर झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत थोडं रॉकेल, मग शिलाई मशिनच्या तेलाची कुपी, व्हॅसलिनची डबी, मेणबत्ती आणि डांबराचा खडा. कार्बनची साखळी डावीकडून उजवीकडे लांबत जाते, हे मुलांना हाताने कळेल. कोण आधी उडेल ते त्यांनाच लावायला सांगा, आणि व्हॅसलिन व मेणबत्तीवरून वाद होऊ द्या, कारण त्या दोघांतही कुंपण नाही. खडा रस्त्याच्या कडेला मिळेल. तो सकाळी लवकर उचला आणि वर्तमानपत्रात गुंडाळू नका. मी एकदा गुंडाळला होता, अग्रलेख अजून त्याला चिकटलेला आहे.